लारीखालचं घमेलं

माझ्या सासरी, राजेश्वरला, पाहुणा आला की पायावर पाणी द्यायची रीत होती. तांब्या भरून मी दाराशी उभी असायचे. पण माझे अप्पा आले की आणखी एक रीत पाळली जायची, ती दुसऱ्या कुठल्या पाहुण्याच्या नशिबी नव्हती. वेशीतून लारीचा आवाज आला की माझा धाकटा दीर गोठ्याकडं पळायचा, शेण भरायचं घमेलं उचलायचा आणि लारी उभी राहते न राहते तोच ते इंजिनाच्या मागच्या अंगाला, बरोबर थेंब पडायच्या जागी, सरकवून द्यायचा. मग कमरेवर हात ठेवून ओरडायचा, "उतरा मामा आता! पाहुण्याला पाणी, लारीला घमेलं!"

घर हसायचं. शेजारचे आपापल्या ओट्यावर येऊन हसायचे. अप्पा स्वतःही हसायचे, आणि मला सगळ्यात जास्त राग त्याचाच यायचा. अहो, लोक तुमची थट्टा करायलेत अन् तुम्हीच दात काढताय? मी पदर डोळ्यांवर ओढून त्यांच्या पायावर पाणी घालायचे, वर बघायचे नाही. घमेल्यात टप् टप् चालू असायचं. एवढासा आवाज, पण मला तो माजघरातून, अगदी चुलीपुढूनसुद्धा ऐकू यायचा.

घमेलं यायला लागलं ते नंतर. त्याच्या आधीचं आणखी वाईट होतं. लग्नानंतरच्या पहिल्या सणाला अप्पा मला न्यायला आले, लारी अंगणात उभी केली, जेवले, आणि आम्ही निघालो तेव्हा मागं भाकरीएवढा काळा डाग राहिला. माझ्या सासूबाई, आम्ही त्यांना अत्याबाई म्हणायचो, अंगणाच्या बाबतीत भारी कडक. रोज सडा, दर सोमवारी सारवण, उंबऱ्यापुढं रांगोळी. त्यांनी डागावर सारवलं. दुसऱ्या दिवशी शेणाची खपली निघाली, खाली डाग जसाच्या तसा. पुन्हा सारवलं, पुन्हा खपली. तेलावर शेण धरत नाही. शेवटी त्यांनी नाद सोडला. बायका बसायला आल्या की हनुवटीनं डागाकडं दाखवून म्हणायच्या, "ते का? ते आमच्या सुनंचं माहेर हाय."

त्या मनानं वाईट नव्हत्या, जीभच तशी होती. पण मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. दुसऱ्या सुनांची माहेरं म्हणजे खणाची चोळी, शेवयांचे डबे, तिळाच्या पोळ्या. माझं माहेर म्हणजे अंगणातला डाग.

आम्ही मंठाळचे. घर लिंगायत, गळ्यात लिंग, कपाळाला विभूती, घरात मराठी आणि कन्नड दोन्ही एकाच ताटात जेवायच्या. आजोबांच्या बैलगाड्या होत्या. अप्पांनी त्या मोडून लढाईनंतर लिलावात निघालेली एक लष्करी लारी घेतली आणि सोलापुरात तिला डिझेलचं इंजिन बसवून आणलं. पोरगा नव्हता, आम्ही दोघी बहिणीच. थोरली मी. गाडीवानाच्या पोरी जशा बैलांच्या पायात वाढतात तशी मी त्या लारीच्या चाकांत वाढले. पाना कुठला, बोल्ट कुठला, तेल किती आहे ते सळई काढून कसं बघायचं, हे मला भाकरी थापायच्या आधी येत होतं. सासरी मात्र यातलं अक्षर बोलले नव्हते. नव्या सुनेनं इंजिनाचं बोलायचं म्हणजे झालंच की!

तर अशात एक दिवस आमच्या ह्यांनी मला सांगितलं, की घरात माझ्या धाकट्या बहिणीचं नाव निघालंय. कुणासाठी? त्याच दिरासाठी, घमेलंवाल्यासाठी. मला इतका आनंद झाला की हातातली परडी खाली पडली. दोघी बहिणी एका चुलीला, याहून मोठं सुख मला ठाऊक नव्हतं. आणि धाकटीच्या मनात तो होता, हे मला तिनं न सांगताच कळलं होतं. एकदा अप्पांबरोबर आली होती तेव्हा घमेल्याच्या थट्टेला ती एकटी मनापासून हसली होती, बया.

"पण एक हाय," आमचे हे म्हणाले, आणि खाली बघायला लागले.

मामंजी, म्हणजे माझे सासरे, मोजकं बोलणारे. त्यांनी जेवता जेवता सांगून टाकलं होतं: येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येच्या शेतातल्या जेवणाला, मंठाळच्या पाहुण्यांनी यावं, आपल्या शेतातच भज्जी-आंबील घ्यावं आणि तिथंच बोलणं पक्कं करावं. पण भावकीतले चार जाणते त्या दिवशी अंगणात असणार. "ज्या माणसाला सोत्ताच्या लारीचं एक भोक बुजवता येईना, त्याच्या घरची दुसरी पोरगी आणून मी गावात हसं करून घेऊ का? लारी सुकी आली तर बोलू. गळत आली तर भज्जी खाऊन जावा म्हणावं."

थट्टा नव्हती ती. मामंजी थट्टा करतच नव्हते.

येळवशीच्या आधी थोडे दिवस मी माहेरी गेले ती हेच डोक्यात घेऊन. अप्पांना म्हटलं, "अप्पा, ते तेल बंद करा."

"करू की."

"कधी?"

"लारी हाय बाई ती. राबतीय, घाम येतोय तिला."

मी मामंजींचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. अप्पांचा चेहरा उतरला. ते उठून लारीभोवती एक चक्कर मारून आले आणि पुन्हा म्हणाले, "बघू." मला वाटलं, बापाच्या मनात काही आहे की नाही? पोरीचं लग्न अडलंय आणि हे बघू म्हणायलेत!

लारीवाले सगळे एकच सांगायचे, मागचं सील गेलंय. इंजिनाचा मुख्य दांडा मागच्या बाजूनं बाहेर येतो, तिथं तेल अडवायला एक कडं असतं, ते सील. ते बदलायचं म्हणजे गिअरबॉक्स उतरवा, क्लच उतरवा, लारी आडवी पडली. अप्पांनी माझ्या लग्नाआधी एकदा ते सगळं केलंही होतं. नवं सील घातलं, आणि थोड्याच खेपांत पुन्हा टप् टप्. तेव्हापासून लोक म्हणायचे, मिस्त्री चोर. किंवा म्हणायचे, मालक चिकट, जुनंच सील पुसून घातलं असेल. मी मनाशी म्हटलं, नवं कडं लगेच गळतंय तर एकतर तेल भलतीकडूनच येतंय, नाहीतर आतून कुणीतरी त्याला ढकलतंय.

दुपारी अप्पा जेवून लवंडले तसं मी धाकटीला उठवलं. रॉकेल आणि चिंध्या घेतल्या आणि इंजिनाची मागची बाजू वरपासून खालपर्यंत पुसून काढली. वर्षानुवर्षांचा थर होता, हात कोपरापर्यंत काळे झाले. मग चुलीतली राख चाळून आणली आणि त्या स्वच्छ लोखंडावर भुरभुरली, सगळं पांढरंफटक करून टाकलं. राख कोरडी असते, तेलाचा ओघळ कुठून निघाला ते ती लगेच काळ्या रेघेनं दाखवते. धाकटीला केबिनमध्ये बसवलं. तिनं सेल मारला, पायानं रेस धरली, आणि मी पोतं अंथरून, लुगडं खोचून लारीखाली शिरले.

वरून ओघळ येत असता तर बरं झालं असतं. वरच्या झाकणाचं पॅकिंग बदललं की काम झालं. पण वर राख पांढरीच. झाकणाच्या कडा कोरड्या, नळ्या कोरड्या. आणि खाली, जिथं इंजिन आणि गिअरबॉक्स जुळतात त्या पोकळीच्या बुडाला एक छोटं भोक असतं, त्यातून आला की थेंब! मागोमाग दुसरा. म्हणजे सीलच. मिस्त्री खोटं बोलत नव्हते. मी तशीच पडून राहिले. डोळ्यांत पाणी आलं, राखेनं आलं म्हणावं तर राख तिथं नव्हती.

बाहेर आले. तेल किती उरलंय बघावं म्हणून चालू इंजिनातच सळई ओढली, तर फस्सकन् गरम धूर तोंडावर आला आणि गालावर तेलाचे शिंतोडे उडाले. आई गं! सळई पुन्हा घातली तर ती आपोआप बोटभर वर सरकली, आतून कुणी ढकलल्यासारखी. चांगलं इंजिन असं फुरफुरत नाही. मी सळई काढूनच ठेवली, धाकटीला ओरडून सांगितलं, "पाय काढू नगस!" आणि पुन्हा खाली शिरले. थेंब हळू झाला. मग लोंबत राहिला, पडेचना. बाहेर येऊन सळई घातली, खाली गेले, टप् टप् सुरू. पुन्हा काढली, पुन्हा थांबलं.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. इंजिनाला श्वास असतो. आत जो वाफारा साठतो तो सोडायला वाट लागते. ती वाट बंद होती, म्हणून सगळा दाब मागच्या सीलवर येत होता आणि तेल घेऊन बाहेर पडत होता. सील किती का बदला, काय उपयोग? नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात, तसलाच प्रकार.

आणि नाक कुठं? इंजिनाच्या डोक्यावर एक काळी, गोल, मुठीएवढी टोपी असते. तिच्या कडेखाली बारीक भोकं, आत जाळी. मी मान वर केली.

टोपीवर लाल फडकं गच्च बांधलेलं होतं. फडक्याखाली विभूती. एका दिवसाची नव्हे, कितीतरी अमावस्यांची. ओली विभूती बोटांनी ओढलेली, तिचे ओघळ कडेखाली भोकांत गेलेले, इंजिनाच्या उष्णतेनं भाजून गिलाव्यासारखे घट्ट झालेले. मी नखानं खरवडून पाहिलं, नख मोडलं. ते फडकं मी लग्नाआधीपासून रोज बघत होते. घरातली देवळी बघतो तसं. बघत होते म्हणजे बघतच नव्हते.

ते माझ्या अव्वाचं, माझ्या आईचं होतं.

पोलीस ॲक्शनच्या आधीचे, रझाकारांचे ते दिवस. रस्ते बंद, गावंच्या गावं उठलेली, लाऱ्या जाळल्याच्या बातम्या. अप्पा लातुराकडं गेलेले, आणि काही पत्ताच नाही. आयाबाया येऊन अव्वाजवळ बसायच्या आणि काहीबाही बोलून जायच्या, जणू झालंच सगळं. अव्वा रडत नव्हती, झोपतही नव्हती. दाराच्या चौकटीला पाठ लावून बसायची, डोळे उघडे. मग एका सकाळी लारी आली. पुढची काच फुटलेली, हौदा रिकामा, पण इंजिन धडधडत होतं, आणि आत अप्पा. अव्वा त्यांच्याकडं गेलीच नाही आधी. बॉनेट उघडायला लावलं, आणि ती काळी गोल टोपी, अगदी आमच्या गळ्यातल्या लिंगासारखी, गरम, थरथरत असलेली पाहिली आणि तिच्यावर हात ठेवला. "ह्यानं आणलं त्यांना," म्हणाली. त्या दिवशी तिनं टोपीला विभूती लावली, फडकं बांधलं, आणि त्या रात्री झोपली. तेव्हापासून दर अमावस्येला न चुकता. अप्पा कुठंही जावोत, अव्वा निवांत झोपायची. बरोबर देव आहे म्हणायची.

आणि त्याच देवापायी माझं माहेर सासरच्या अंगणात सांडत होतं!

"काय सापडलं गं?" अव्वा ताक घेऊन मागं उभी होती.

"काई न्हाई अव्वा. सीलच हाय."

"तोंड बघ की तुझं," ती म्हणाली, आणि पदरानं माझ्या गालावरचं तेल पुसलं. मी तिच्या डोळ्यांकडं बघू शकले नाही. धाकटी केबिनमधून सगळं बघत होती, तिला मी डोळ्यांनीच गप्प केलं.

अप्पा उठले तसं मी त्यांना लारीपाशी गाठलं. अव्वा ओट्यावर तूर निवडत होती, म्हणून मी दखनीत बोलले. शाळा आमची उर्दूत झालेली, अप्पांची बोली तर मोटार अड्ड्यावरची. अव्वापासून काही लपवायचं असलं की आम्ही बापलेक दखनी बोलायचो.

"अप्पा, वो टोपी बंद है. उसके वास्ते तेल गिररा."

अप्पांनी खिशातून विडी काढली, पेटवली नाही. "मालूम है."

"मालूम है? कबसे?"

"उदगीर के मिस्त्रीने बोला था. सील डाले उस वखत."

एवढी वर्षं! एवढी थट्टा, घमेलं, डाग, चिकट म्हणून ऐकून घेतलं, आणि ह्यांना ठाऊक होतं? माझा राग असा उसळला की मी दखनी विसरून मराठीतच सुरू झाले. "मंग काढलं कामून न्हाई? माझी लाज जायलीय तिथं! लोक हसायलेत! धाकटीचं लग्न मोडायची येळ आलीय!"

"हळू बोल." त्यांनी ओट्याकडं पाहिलं. "एकदा काढलं व्हतं म्या. सोलापूरच्या खेपंला. वाटंत काढून ठिवलं, येताना बांधीन म्हटलं. बांधायचं ऱ्हायलं. तिनं बघितलं. कायबी बोलली न्हाई. पण पुढल्या खेपंला मी माघारी येस्तोवर जेवली न्हाई, झोपली न्हाई. धाकटीला इचार." मग विडी परत खिशात ठेवून म्हणाले, "तेल काय, डबा असतोय शीटाखाली, घालत ऱ्हायचं. तू सांग, तुझी लाज मोठी का तिची झोप?"

खरं सांगू? उत्तर होतं माझ्याजवळ. मला माझी लाज मोठी वाटत होती. ते कळलं म्हणून आणखी लाज वाटली, आणि मी तोंड फिरवून घरात गेले. अव्वा मान खाली घालून तूर निवडत होती. आता आठवतं, तिचा हात सुपात नुसता फिरत होता, खडे निघत नव्हते. आम्ही शहाणे! अव्वाचं माहेर बिदरचं, भर बाजारातलं. ती बांगड्या भरायची त्या दखनीत, भाजी घ्यायची ती दखनीत. आमच्या मुलखात प्रत्येकाला तीन तीन बोल्या, गुपित ठेवायला एकही शिल्लक नाही.

येळवशीच्या सकाळी अव्वा न्हाऊन ओल्या केसांनी लारीपाशी आली. अमावस्याच ती. तिनं नेहमीप्रमाणं विभूती कालवली, तीन बोटं ओढली, फडकं सोडून पुन्हा गच्च बांधलं. अप्पा बाजूला उभे राहून आभाळ बघत होते. मी धाकटीच्या हाताला धरून उभी होते. हौद्यात आमच्याकडची चार जाणती माणसं बसली, पुढं अव्वा. मला आठवतं, सगळ्या वाटेत मी एकच विचार करत होते, की लारी राजेश्वरच्या वेशीबाहेर बंद पडावी.

ती कसली बंद पडतीय! आली थेट अंगणात. भावकीतले म्हातारे ओट्यावर ओळीनं बसलेले, बायका दारात, बैलगाड्या शेतात जायला जुंपून तयार. इंजिन चालूच होतं आणि दीर आला घमेलं घेऊन. आज त्यानं ओरडणं टाळलं, तेवढी अक्कल त्याला होती. पण सवय लोकांना लागलेली. कुणीतरी ओट्यावरून म्हणालंच, "लारीला घमेलं!" आणि हशा झाला. पहिला थेंब पडला. टप्. मामंजींनी तो बघितला, आणि ते पायताण घालायला वळले. बोलणं संपलं होतं.

अव्वा खाली उतरली. डोक्यावरचा पदर सारखा केला. व्याह्यांशी थेट बोलायची आमच्यात रीत नाही, तिनं अत्याबाईंकडं तोंड केलं, पण आवाज असा काढला की ओट्याच्या टोकापर्यंत जावा.

"ईनबाई, मालकांना जरा थांबा म्हणावं." आणि अप्पांना, "आवो, बॉनेट उघडा."

"अगं..." अप्पा म्हणाले.

"उघडा म्हणलं न्हवं."

अप्पांनी उघडलं. अव्वानं फडक्याची गाठ सोडली. केसातला आकडा काढला आणि टोपीच्या कडेखालची विभूती खरवडायला लागली. ढलप्या निघायला लागल्या. इंजिन धडधडत होतं, तिचे हात भाजत असणार, ती थांबली नाही. अप्पांनी पाना घेतला, टोपी काढून तिच्या हातात दिली, तिनं जाळीतून शेवटचा थर पाडला आणि परत दिली. मग ती बोलली.

"ईनबाई, आमच्या मालकाच्या हातात खोट न्हाई. लारीचं नाक म्या बांधलं व्हतं. देव म्हणून बांधलं. तिला दम सोडाय जागा ऱ्हायली न्हाई, म्हणून तेल गळायलं. ह्यांना ठावं व्हतं. पोरीलाबी ठावं झालं. मला वाईट वाटंल म्हणून दोघं गप ऱ्हायले अन् तुमचं हसणं खाल्लं. तुमचं अंगण माझ्यामुळं घाण झालं, त्यांच्यामुळं न्हाई. आता बघा गळतंय का."

सगळे घमेल्याकडं बघायला लागले. एक थेंब पडला. बऱ्याच वेळानं आणखी एक. मग नाही. इंजिन चालू, टोपीखालून फिकट धूर निवांत बाहेर येत होता, आणि घमेलं गप्प. मागं बायकांत कुणीतरी फिसकन् हसलं, "लारीला लिंग बांधलं म्हणं!" मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. माझ्या अव्वाची विभूती सासरच्या अंगणात लोखंडावरून खरवडली गेली होती आणि लोक बघत होते. अव्वा मात्र सरळ उभी होती. तिच्या बोटांवर फोड आले होते.

मामंजींनी घातलेलं पायताण पुन्हा काढलं. आपल्या बायकोला म्हणाले, "ईनबाईंना आत घे. हातावर लोणी लाव. बोलणं शेतात करू, आंबील घेताना." दिरानं घमेलं उचललं आणि मान खाली घालून गोठ्यात नेऊन ठेवलं. कान लाल झाले होते त्याचे.

अव्वानं लाल फडकं झटकलं, घडी केली आणि गळ्यातल्या लिंगाच्या दोऱ्यालाच बांधून टाकलं. मी जवळ गेले तशी हळूच म्हणाली, "मला सांगितलं कामून न्हाई गं? मी काय लेकरू हाय?"

लग्न झालं. धाकटी माझ्या चुलीला आली. अप्पा यायचे, लारी अंगणात उभी राहायची, अत्याबाईंनी डागाची माती खणून काढून नवी भरली होती आणि त्यावर सारवण छान धरलं होतं. 'लिंगाची लारी' म्हणून गावानं बरेच दिवस मजा केली, मग विसरलं. माझं माहेर आता दुसऱ्या सुनांच्या माहेरासारखं झालं होतं. मी ताठ मानेनं तांब्या घेऊन उभी राहायचे.

पुढच्या पंचमीला मंठाळला गेले. अप्पा लातूरला गेलेले. दिवेलागण झाली, मी दिवा लावून बाहेर आले, तर अव्वा चौकटीला पाठ लावून बसलेली. ॲक्शनच्या आधी बसायची तशी. गळ्यातलं फडकं मुठीत. डोळ्यांखाली काळं झालेलं, चेहरा ओढलेला. शेजारीण म्हणाली होती, मालक खेपेला गेले की ही अशीच बसते, उजाडेपर्यंत. मला आधी पटलं नव्हतं.

"अव्वा, आत चल. जरा पड की."

"पडते गं." ती रस्त्याकडं बघत होती. मग म्हणाली, "लारी आता गळत न्हाई न्हवं?"

"न्हाई."

"अंगण सोच्छ ऱ्हायतंय?"

"व्हय."

"मंग झालं तर," ती म्हणाली, आणि रस्त्याकडंच बघत राहिली.

मी आत जाऊन भाकरी थापायला बसले. चुलीत जरा ओली लाकडं घातली, धूर व्हावा, डोळ्यांना निमित्त मिळावं म्हणून.